गंजणे आणि कळकणे : वितळलेल्या क्षारांत व द्रवधातूंत होणारे मिश्रधातूंचे क्षरण (प्रस्तावना)

मराठीत लोखंडावर गंज ‘चढतो’ आणि तांब्यापितळेवर कळंक ‘धरतो’. या दोन्ही शब्दप्रयोगांमागे दीर्घ काळाचे निरीक्षण आहे. हवा आणि पाणी यांच्या संगतीत धातूच्या अंगावर काहीतरी नवे येऊन बसते, ते डोळ्यांना दिसते, बोटाला लागते आणि चिंच किंवा राख लावून घासले की निघूनही जाते. मात्र याच भाषेत तिसरेही एक क्रियापद आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते ‘कळकते’. येथे वाक्याचा कर्ता भांडे राहत नाही, ताक होते. कारण भांडे वरून जवळजवळ जसेच्या तसे दिसत असते, आणि त्यातील तांबे द्रवात उतरल्याची खूण द्रवाच्या रंगात व चवीत मिळते. वितळलेल्या क्षारांच्या आणि द्रवधातूंच्या सहवासात मिश्रधातूंचे जे होते ते गंजण्यापेक्षा या कळकण्याला कितीतरी जवळचे आहे, आणि या विषयाकडे गंजाच्या नजरेने पाहिल्यामुळे अभ्यासक व अभियंते आरंभी वारंवार चुकले, ही गोष्ट प्रस्तुत ग्रंथाच्या तोंडीच नोंदवणे आवश्यक आहे.

परिसराशी होणाऱ्या रासायनिक किंवा विद्युत्-रासायनिक देवाणघेवाणीमुळे धातूचा जो ऱ्हास होतो त्याला शास्त्रीय परिभाषेत क्षरण म्हणतात, आणि दोन वा अधिक मूलद्रव्ये एकत्र वितळवून मिळवलेल्या धातुरूप पदार्थाला मिश्रधातू म्हणतात. पाण्यातील क्षरणाचे शास्त्र गेल्या दोन शतकांत चांगले विकसित झाले असून त्याच्या केंद्रस्थानी पातळ पापुद्र्याची कल्पना आहे. स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलचे भांडे टिकते ते त्यातील लोखंड उदात्त झाल्यामुळे टिकत नाही. त्यात मिसळलेले क्रोमिअम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढे, ऑक्साइडचे आवरण तयार करते, ओरखडा पडला तर ते पुन्हा धरते, आणि त्याच्या आडोशाला खालचा धातू सुरक्षित राहतो. अ‍ॅल्युमिनिअम आणि टायटॅनिअम यांचे टिकाऊपणही अशाच आवरणावर अवलंबून आहे. धातू स्वभावतः क्रियाशील असला तरी त्याला अंगरखा घालता येतो, या एका विचारावर विसाव्या शतकातील बहुतेक सर्व गंजरोधक मिश्रधातू उभे राहिले. हा अंगरखाच विरघळवून टाकणाऱ्या द्रवात ते मिश्रधातू बुडवावे लागले, तेव्हा प्रस्तुत विषयाचा जन्म झाला.

असे द्रव वापरण्याची गरज उष्णतेमुळे निर्माण झाली. पाणी हे उत्तम उष्णतावाहक असले तरी शंभर अंश सेल्सिअसच्या वर ते द्रवरूप ठेवायचे तर दाब वाढवावा लागतो, आणि ३७४ अंशांच्या पुढे कितीही दाब दिला तरी ते द्रव म्हणून उरतच नाही. याउलट सोडिअम सुमारे ९८ अंशांना वितळते आणि ८८३ अंशांना उकळते. शिसे व बिस्मथ यांचे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण १२५ अंशांच्या आसपास वितळते आणि १,६०० अंशांच्याही पुढे द्रव राहते. लिथिअम फ्लुओराइड आणि बेरिलिअम फ्लुओराइड यांचे दोनास एक या प्रमाणातील मिश्रण ४५९ अंशांना वितळते आणि हजार अंशांपर्यंत त्याला दाबाची जवळजवळ गरजच पडत नाही. ज्यांना अणुभट्टीतून, सूर्यकिरणांच्या केंद्रीकरणातून किंवा भावी संलयन भट्टीतून उच्च तापमानाची ऊर्जा साध्या जाडीच्या नळ्यांतून वाहून न्यायची आहे, त्यांच्यासाठी हे द्रव जणू वरदान आहेत. अडचण एकच, परंतु ती मुळावर येणारी: हे द्रव कशात ठेवायचे?

वितळलेल्या फ्लुओराइड क्षारात धातूच्या ऑक्साइडला थारा नसतो. क्रोमिअमचे जे आवरण पाण्यात अभेद्य ठरते ते या क्षारात साखरेसारखे विरघळते, आणि उघडा पडलेला धातू पुढे टिकतो की नाही हे केवळ ऊष्मागतिकीवर, म्हणजे कोणत्या संयुगाच्या निर्मितीत ऊर्जेचा अधिक उतार आहे यावर, ठरू लागते. क्षारातील लिथिअम, बेरिलिअम, सोडिअम या मूलद्रव्यांची फ्लुओरिनवरची पकड इतकी घट्ट असते की कोणताही अभियांत्रिकी धातू ती सोडवू शकत नाही; म्हणून शुद्ध क्षार स्वतःहून धातूला फारसा धक्का लावत नाही. परंतु क्षारात ज्यांची पकड सैल आहे असे काही असेल, उदाहरणार्थ युरेनिअमचे चतुर्फ्लुओराइड, तर मिश्रधातूतील क्रोमिअम त्याच्याकडून फ्लुओरिन घेते आणि स्वतः क्रोमिअम फ्लुओराइड होऊन क्षारात उतरते. नेहमीच्या मिश्रधातूंतील प्रमुख घटकांची फ्लुओरिनकडे असलेली ओढ क्रोमिअम, लोखंड, निकेल या क्रमाने कमी होत जाते आणि मॉलिब्डेनम निकेलच्याही मागे राहते. यातून निघणारा निष्कर्ष पाण्याच्या जगात वाढलेल्या अभियंत्याला उलटाच वाटावा असा आहे. ज्या क्रोमिअमने स्टील वाचवले, तेच येथे पहिले बळी पडते, आणि मिश्रधातूत त्याचे प्रमाण जितके अधिक तितके क्षरण अधिक.

हा धडा अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत शिकला गेला. अणुशक्तीवर उडणाऱ्या बाँबफेकी विमानाच्या कल्पनेपोटी तेथे नोव्हेंबर १९५४ मध्ये एक लहान अणुभट्टी काही दिवस चालवण्यात आली, जिचे इंधन सोडिअम, झिर्कोनिअम आणि युरेनिअम यांच्या फ्लुओराइडांचे वितळलेले मिश्रण होते आणि तापमान सुमारे ८६० अंशांपर्यंत गेले होते. तिच्या नळ्या इन्कोनेल या निकेलप्रधान मिश्रधातूच्या होत्या, ज्यात सुमारे १५ टक्के क्रोमिअम असते. अल्प काळाच्या प्रयोगाला त्या पुरल्या. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्राला त्या पुरणार नाहीत, हे त्या काळच्या चाचण्यांत स्पष्ट दिसले, कारण पृष्ठभागालगत क्रोमिअम निघून जाऊन धातूच्या आत सूक्ष्म पोकळ्या पडत होत्या. विमानाची कल्पना पुढे सोडून देण्यात आली, आणि ती सोडली हे योग्यच झाले. मात्र तिच्यामुळे सुरू झालेला धातूचा शोध थांबला नाही. त्यातून ओक रिज येथे जो मिश्रधातू घडवला गेला तो प्रथम आयनॉर-८ आणि नंतर हॅस्टेलॉय-एन या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात निकेल ७० टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम सुमारे १६ टक्के, क्रोमिअम सुमारे ७ टक्के आणि थोडे लोखंड असते.

या ७ टक्क्यांपाशी वाचकाने थोडे थांबावे, कारण सगळ्या विषयाचे मर्म त्या आकड्यात दडलेले आहे. नळीच्या भिंतीला दोन बाजू असतात. आतल्या बाजूला वितळलेला क्षार असतो, आणि त्याच्या दृष्टीने क्रोमिअम शून्य असते तर सर्वांत उत्तम. बाहेरच्या बाजूला ६५० अंश तापलेली हवा असते, आणि तिच्यापासून बचाव करायचा तर ऑक्साइडचे आवरण धरण्याइतके क्रोमिअम हवेच. एकाच भिंतीकडून दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी मागण्या होत असताना ७ टक्के ही तडजोड निवडली गेली: बाहेर पापुद्रा धरेल एवढे, आणि आत ओढ फार वाढणार नाही एवढेच. मॉलिब्डेनम घातले गेले ते क्रोमिअम कमी केल्यावर गेलेले बळ भरून काढण्यासाठी, कारण ते क्षाराला भीक घालत नाही आणि उच्च तापमानाला निकेलला ताठ ठेवते. सर्व बाजूंनी अजिंक्य धातू शोधण्याच्या हट्टापेक्षा ही तडजोड अधिक परिपक्व आहे, आणि साठ वर्षांनंतरही तिच्या फार दूर जाणे कोणाला साधलेले नाही.

क्षरण येथे थांबत का नाही, हा पुढचा प्रश्न. स्थिर क्षाराच्या कुपीत धातूचा तुकडा ठेवला तर थोडे क्रोमिअम विरघळते, समतोल साधतो आणि क्रिया थांबते. अशा कुपीतील चाचणीवरून धातूला प्रमाणपत्र देणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी चूक आहे. प्रत्यक्ष यंत्रात क्षार फिरत असतो, एका टोकाला तापतो व दुसऱ्या टोकाला निवतो, आणि समतोलाचे स्थान तापमानानुसार बदलते. तप्त भागात जेवढे क्रोमिअम विरघळलेले राहू शकते तेवढे शीत भागात राहू शकत नाही. म्हणून ते तेथे भिंतीवर उतरते, हलका झालेला क्षार पुन्हा तप्त भागात येतो आणि पुन्हा क्रोमिअम उचलतो. या न थांबणाऱ्या वाहतुकीला वस्तुमान-स्थानांतरण म्हणतात. तिचा वेग बहुधा क्षारापेक्षा धातूवर अवलंबून असतो, कारण पृष्ठभागावरचे क्रोमिअम संपले की आतले क्रोमिअम घन स्फटिकातून अणू-अणूने पुढे सरकत यावे लागते आणि ही चाल फार संथ असते. कणसीमांतून, म्हणजे धातूचे सूक्ष्म स्फटिक जेथे एकमेकांना भिडतात त्या शिवणींतून, ती जलद होते; आणि म्हणूनच हल्ला अनेकदा सरसकट न होता या शिवणी उसवत आत जातो.

क्षाराची शुद्धता हा यातील दुसरा आणि कदाचित अधिक महत्त्वाचा धागा आहे. फ्लुओराइड क्षारात पाण्याचा अंश राहिला तर त्यापासून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते, आणि हे द्रव्य क्रोमिअमला युरेनिअमच्या संयुगापेक्षा कितीतरी अधिक आवेशाने खाते. म्हणून क्षार वापरण्याआधी वितळलेल्या अवस्थेत त्यातून हायड्रोजन आणि हायड्रोजन फ्लुओराइड यांचे मिश्रण बुडबुड्यांनी सोडून ऑक्साइड व गंधक काढून टाकावे लागते आणि शेवटी केवळ हायड्रोजनने उरलेसुरले आम्ल हुसकावावे लागते. इंधनयुक्त क्षारात आणखी एक अडचण असते. युरेनिअमचा अणू दुभंगला की त्याने धरून ठेवलेले चार फ्लुओरिन मोकळे होतात, आणि त्याच्या तुकड्यांना मिळून तेवढ्या फ्लुओरिनची गरज नसते. म्हणजे अणुभट्टी जसजशी चालते तसतसा तिचा क्षार आपोआप अधिक भुकेला होत जातो. त्यावरचा उपाय सुंदर आहे. क्षारात बेरिलिअम धातूची कांडी काही तास बुडवली की ती मोकळे फ्लुओरिन घेते, चतुर्फ्लुओराइडपैकी थोडे युरेनिअम त्रिफ्लुओराइडमध्ये उतरते, आणि या दोन रूपांचे गुणोत्तर क्षाराची भूक किती आहे हे मोजण्याचे माप बनते. धातूला हात न लावता, केवळ द्रवाचा स्वभाव बदलून धातू वाचवता येतो ही गोष्ट येथे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली.

ज्या यंत्रात ती सिद्ध झाली ती ओक रिजची प्रायोगिक क्षार-अणुभट्टी १ जून १९६५ रोजी प्रथम स्वयंचलित शृंखला-प्रक्रियेच्या अवस्थेला पोहोचली, ऑक्टोबर १९६८ मध्ये थोरिअमपासून मिळणाऱ्या युरेनिअम-२३३ वर चालणारी पहिली अणुभट्टी ठरली, आणि डिसेंबर १९६९ मध्ये बंद होईपर्यंत पूर्ण शक्तीच्या हिशेबाने १३ हजारांहून अधिक तास चालली. तिची औष्णिक क्षमता जेमतेम ८ मेगावॉट होती. तरीही क्षरणशास्त्रासाठी तिच्याएवढे मोलाचे यंत्र दुसरे दाखवता येणार नाही. तेथील रसायनशास्त्रज्ञ नळ्या कापून पाहण्याची वाट पाहत बसले नाहीत. ते चालू यंत्रातून क्षाराचे नमुने काढून त्यातील क्रोमिअम मोजत राहिले, म्हणजे भांड्याची परीक्षा ताक चाखून करत राहिले. युरेनिअम-२३३ च्या आधी ती युरेनिअम-२३५ वर चालली त्या संपूर्ण कालखंडात हे प्रमाण दशलक्ष भागांत शंभराच्या आतच राहिले, आणि त्यावरून नळ्यांची झीज नगण्य आहे असा जो अंदाज बांधला गेला तो बरोबर ठरला.

परंतु क्रोमिअमने जे सांगितले नाही ते यंत्र उघडल्यावर दिसले. इंधन-क्षाराला लागलेल्या पृष्ठभागांवर, विशेषतः धातू ताणून पाहिल्यावर, कणसीमांच्या वाटेने पडलेल्या उथळ भेगा आढळल्या, आणि त्यांचा कर्ता होता टेलुरिअम: युरेनिअमच्या विखंडनात अत्यल्प प्रमाणात निर्माण होणारे, ज्याचा विचार कोणीही केला नव्हता असे मूलद्रव्य. ते निकेलच्या कणसीमांत शिरते आणि त्यांची पकड ढिली करते. पुढील काही वर्षांत दोन उपाय हाती आले. मिश्रधातूत एक-दोन टक्के नायोबिअम मिसळले तर भेगा कमी होतात हा एक. आणि दुसरा असा की युरेनिअमच्या चतुर्फ्लुओराइड व त्रिफ्लुओराइड यांचे गुणोत्तर सुमारे ६० च्या खाली ठेवले तर टेलुरिअम क्षारातच अडकून राहते व धातूकडे फारसे फिरकत नाही. दुसरा उपाय पुन्हा द्रवाच्या बाजूचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुर्दैवाने हे उत्तर पूर्णपणे पडताळून पाहण्याआधीच, १९७६ मध्ये, तो कार्यक्रम बंद करण्यात आला, आणि पुढची काही दशके हे ज्ञान बहुतांशी अहवालांच्या पानांतच राहिले. चीनने गान्सू प्रांतातील वूवेई येथे उभारलेली २ मेगावॉटची क्षार-अणुभट्टी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी वापरलेला निकेलप्रधान मिश्रधातू त्याच जुन्या घराण्यातला होता.

सर्व क्षार मात्र एका जातीचे नसतात. सौर औष्णिक केंद्रांत उष्णता साठवण्यासाठी वजनाने ६० टक्के सोडिअम नायट्रेट व ४० टक्के पोटॅशिअम नायट्रेट यांचे मिश्रण वापरले जाते. कॅलिफोर्नियातील बार्स्टोजवळच्या ‘सोलर टू’ या केंद्रात ते १९९६ ते १९९९ या काळात आजमावले गेले आणि स्पेनमधील जेमासोलार केंद्रात २०११ पासून वापरात आहे. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवत असल्यामुळे त्यात स्टीलचा ऑक्साइडचा अंगरखा टिकतो, क्रोमिअम तेवढे पिवळ्या क्रोमेटच्या रूपाने थोडे थोडे सुटत राहते, आणि मर्यादा पडते ती धातूमुळे नव्हे तर सुमारे ५६५ अंशांच्या पुढे क्षारच विघटित होऊ लागत असल्यामुळे. त्याहून वर जाण्यासाठी क्लोराइड क्षारांचा विचार होतो, परंतु मॅग्नेशिअम क्लोराइड हवेतील ओल अधाशासारखी शोषते आणि त्या ओलीपासून तयार होणारे आम्ल पुन्हा क्रोमिअमवरच तुटून पडते. गॅस टर्बाइनची पाती तर क्षाराच्या टाकीतही नसतात. इंधनातील गंधक आणि समुद्री हवेतील मीठ यांपासून सोडिअम सल्फेटचा पातळ थर त्यांच्यावर बसतो, तो ८८४ अंशांना वितळतो, आणि एवढासा थरही संरक्षक ऑक्साइडला विरघळवून महागड्या पात्याची चाळण करू शकतो. कनिष्ठ प्रतीच्या खनिज तेलातील व्हॅनेडिअम हेच काम याहून कमी तापमानाला करते.

द्रवधातूंच्या बाबतीत चित्र वरकरणी सोपे आहे. येथे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होऊन संयुग बनण्याची गरजच नसते. साखर पाण्यात विरघळावी तसा एक धातू दुसऱ्यात विरघळतो, आणि किती विरघळायचा हे विद्राव्यता ठरवते. शिसे-बिस्मथाच्या मिश्रणात ५०० अंशांना लोखंड दशलक्ष भागांत दोन-तीन भागच विरघळते, तर निकेल शंभरात दोन-तीन भाग, म्हणजे सुमारे दहा हजार पट अधिक. फ्लुओराइड क्षारात जो निकेल सर्वांत विश्वासू सोबती ठरला, तोच शिशात सर्वांआधी साथ सोडतो. क्षारासाठी निवडलेला मिश्रधातू द्रव शिशासाठी निवडणे म्हणजे आपत्तीला निमंत्रण होय, आणि ‘क्षरणरोधक धातू’ हा शब्दप्रयोग द्रवाचे नाव घेतल्याशिवाय अर्थशून्य आहे.

या भागातील सर्वांत बोधक तुलना सोडिअम आणि शिसे यांची आहे, आणि ती ऑक्सिजनभोवती फिरते. शुद्ध सोडिअम स्टीलला फारसे छळत नाही. परंतु त्यात ऑक्सिजनचे दशलक्ष भागांत काही दहा भाग मिसळले तरी ते क्रोमिअमशी सोडिअम क्रोमाइटसारखी संयुगे बनवू लागते आणि झीज झपाट्याने वाढते. म्हणून सोडिअमच्या प्रत्येक यंत्रणेत प्रवाहाचा एक फाटा थंड करून जाळीतून नेला जातो. तापमान उतरले की सोडिअम ऑक्साइडची विद्राव्यता एकदम घटते, ते जाळीवर स्फटिकरूपाने बसते आणि निर्मळ सोडिअम परत जाते. ही योजना शीत-सापळा या नावाने ओळखली जाते. शिशात नेमके उलट करावे लागते. तेथे ऑक्सिजन पूर्ण काढला तर स्टील उघडे पडून विरघळते. म्हणून लोखंडावर मॅग्नेटाइटचा पापुद्रा धरेल एवढा ऑक्सिजन मुद्दाम ठेवावा लागतो, पण शिशाचाच ऑक्साइड साकळेल एवढा वाढू द्यायचा नसतो. हा अरुंद पट्टा सांभाळण्याची कला सोव्हिएत संघाने आपल्या पाणबुड्यांसाठी मोठी किंमत देऊन शिकली. १९६३ मध्ये नौदलात दाखल झालेल्या के-२७ या शिसे-बिस्मथाने शीतल होणाऱ्या पाणबुडीत मे १९६८ मध्ये शीतकातील ऑक्साइड व इतर अशुद्धींच्या गाळाने इंधनाच्या वाटा तुंबल्या, इंधन वितळले आणि प्रारणामुळे खलाशांचे प्राण गेले. ती पाणबुडी पुढे कारा समुद्रात बुडवण्यात आली. धातू न खाल्ला जाताही द्रवाच्या रसायनाकडे झालेले दुर्लक्ष किती महाग पडते, याचे याहून दुःखद उदाहरण या शास्त्राच्या इतिहासात क्वचितच आढळते.

द्रवधातू धातूला विरघळवतो एवढेच नाही, कधी कधी तो विरघळवण्याची तसदी न घेता त्याला ठिसूळ करून टाकतो. अ‍ॅल्युमिनिअमचा ऑक्साइडचा पापुद्रा कोठे फाटला आणि तेथे पारा किंवा गॅलिअम लागले, तर ते कणसीमांतून आत शिरते आणि ताणाखाली असलेला भाग अचानक तडकतो. नैसर्गिक वायूत पाऱ्याचा सूक्ष्म अंश असतो, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूम्बा येथील वायू-प्रकल्पात १ जानेवारी २००४ रोजी झालेल्या स्फोटाचे मूळ अ‍ॅल्युमिनिअमच्या उष्णता-विनिमयकाला पाऱ्याने आणलेल्या अशा ठिसूळपणात सापडले. त्याच पाऱ्याने यापूर्वी एक उपायही शिकवला होता. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत पाऱ्याच्या वाफेवर चालणारी वीजकेंद्रे उभारली गेली, तेव्हा पारा स्टीलच्या नळ्या झिजवतो असे दिसले; आणि पाऱ्यात टायटॅनिअम व मॅग्नेशिअम अल्प प्रमाणात विरघळवल्यावर ही झीज आटोक्यात आली. उपाय पुन्हा द्रवातच होता.

हे सर्व आधुनिक कारखान्यांपुरतेच आहे असे समजण्याचे कारण नाही. भात्याच्या विस्तवावर तापवलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात कल्हईवाला नवसागराची पूड टाकतो, तिचा पांढरा दाट धूर उठतो, कथलाची कांडी टेकवताच ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याच्या दोन-चार हातांत भांडे आतून चांदीसारखे होते. या अल्प अवधीत प्रस्तुत ग्रंथाचा सगळा विषय घडून जातो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. उष्णतेने त्यातून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइड काढून टाकते. २३२ अंशांना वितळणारे कथील उघड्या पडलेल्या तांब्याला भिजवते, त्यातले थोडे विरघळवून घेते आणि सीमेवर कथील व तांबे यांच्या संयुगांचा पातळ थर तयार करते, ज्यामुळे कल्हई पकडून राहते. सोनार झाळताना टाकणखार लावतो त्यामागेही ऑक्साइड विरघळवणाऱ्या क्षाराचेच काम आहे. कळकण्यापासून बचाव करण्यासाठी कल्हईवाला हाच हल्ला मर्यादित वेळ, मर्यादित उष्णता आणि मर्यादित कथील यांच्या बंधनात घडवून आणतो. हल्ला कोठे थांबवायचा हे त्याच्या हाताला ठाऊक असते. अणुभट्टीच्या नळीत तो वर्षानुवर्षे थांबलेला ठेवायचा असतो, एवढाच काय तो फरक. जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत हा फरक रोज अनुभवास येतो. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या वस्तूवर ते हवे तसे चढते, पण ज्या पोलादी कढईत ते वितळवलेले असते तिलाही ते खात असते, आणि तापमान ४८० अंशांच्या पुढे गेले तर कढईची झीज झपाट्याने वाढते.

भारतात या विषयाची दोन मोठी पीठे आहेत. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे १८ ऑक्टोबर १९८५ रोजी सुरू झालेल्या जलद प्रजनक चाचणी अणुभट्टीने द्रव सोडिअम हाताळण्याचा दीर्घ अनुभव दिला, आणि त्याच बळावर तेथे ५०० मेगावॉट क्षमतेची प्रजनक अणुभट्टी उभारण्यात आली, जिच्यात सोडिअमचे प्रमाण दीड हजार टनांहून अधिक आहे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात थोरिअमवर आधारित क्षार-प्रजनक अणुभट्टीच्या संकल्पनेवर आणि शिसे-बिस्मथाने शीतल होणाऱ्या उच्च-तापमान अणुभट्टीच्या संकल्पनेवर काम झाले असून, त्यासाठी लागणाऱ्या निकेल-मॉलिब्डेनम मिश्रधातूंचा व द्रव फिरवून पाहणाऱ्या चाचणी-वलयांचा अभ्यास हा त्यातील अटळ भाग आहे. थोरिअमविषयी मराठीत उत्साहाने लिहिले जाते. मात्र त्या उत्साहाची कसोटी इंधनात नसून नळीच्या भिंतीत आहे, ही बाब त्या लेखनात सहसा येत नाही, आणि ती यावी ही या ग्रंथामागची एक तळमळ आहे.

परिभाषेविषयी थोडे सांगणे इष्ट आहे. या ग्रंथात ‘गंज’ हा शब्द लोखंडाच्या जलयुक्त ऑक्साइडपुरता राखून ठेवला आहे, सर्वसामान्य अर्थी ‘क्षरण’ वापरले आहे, आणि ‘क्षार’ हा शब्द आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून होणाऱ्या संयुगासाठी, शालेय पुस्तकांत रुळलेल्या अर्थानेच, योजला आहे. कोष्टकांत झिजेचा दर वर्षाला किती मायक्रोमीटर असा दिलेला आहे. परंतु द्रवाची शुद्धता, तप्त व शीत टोकांतील तापमानाचा फरक, चाचणीचे तास आणि भांडे कशाचे होते या चार गोष्टी जेथे उपलब्ध नाहीत तेथील आकडे कितीही आकर्षक असले तरी घेतलेले नाहीत. यातील शेवटची गोष्ट नवख्या वाचकाला किरकोळ वाटेल. ग्रॅफाइटच्या कुपीत ठेवलेला मिश्रधातू आणि निकेलच्या कुपीत ठेवलेला तोच मिश्रधातू एकाच क्षारात वेगळे वागतात, कारण मिश्रधातूतून सुटलेले क्रोमिअम ग्रॅफाइटवर कार्बाइड होऊन बसते आणि समतोल कधी साधूच देत नाही.

ओक रिजच्या त्या अणुभट्टीची कथा १९६९ मध्ये संपली नाही. बंद केल्यावर तिचा इंधन-क्षार टाक्यांत उतरवून गोठू देण्यात आला, आणि घन झालेला क्षार निरुपद्रवी आहे असे समजले गेले. परंतु क्षारातील प्रारण त्याच्या स्फटिकांतून फ्लुओरिन सोडवत राहिले. वितळलेल्या अवस्थेत जे लगेच परत जोडले गेले असते ते थंड घन अवस्थेत मोकळे होऊन बाहेर पडू लागले, युरेनिअमचा काही भाग षट्फ्लुओराइडच्या वायुरूपात नळ्यांतून कोळशाच्या गाळणीपर्यंत सरकला, आणि १९९४ मध्ये ते लक्षात आले तेव्हा टाक्यांत उरलेला क्षार फ्लुओरिन गमावून मुळात होता त्याहून वेगळा झालेला होता. तो पुन्हा वितळवून युरेनिअम काढण्याआधी त्याचा स्वभाव पुन्हा जुळवून घ्यावा लागला, ते काम २००८ पर्यंत चालले, आणि युरेनिअम काढून घेतलेला क्षार त्यानंतरही हॅस्टेलॉयच्या त्याच टाक्यांत राहिला.